नवव्या वळणावरचा दगड

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी शहागंजला. जुन्या सामानवाल्याकडे टीव्ही गेमच्या तीन कॅसेटी मिळाल्या, एकीचं कवच फुटलेलं. तो म्हणाला, "सर, अब तो बच्चे भी नहीं खेलते, आप क्या करेंगे?" म्हटलं, जपून ठेवणार. त्यानं माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं.

दुपारपर्यंत दोन कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून झाल्या. एम्युलेटरवर चालल्या. अनघा विचारते, "हे नेमकं काय असतं?" दर वेळी सांगतो, नवीन कॉम्प्युटर जुन्या मशीनचं सोंग घेतो आणि गेमला वाटतं आपण अजून घरीच आहोत. दर वेळी ती "बरं" म्हणते.

संध्याकाळी केतकीचा फोन. जुन्या गेम्सचा संग्रह करणाऱ्या पुण्याच्या मंडळींत ही वकील. कॅसेटींचं सांगितलं तर हसली. "सर, त्या मुळातच चोरीच्या प्रती. चोरीची प्रत जपायची का, यावर आमच्याकडे अजून भांडणं चालू आहेत." मग म्हणाली, "तुमचा 'घाट' गेम मात्र साफ केस. लेखक हयात, लेखक राजी. फॉर्म पाठवते, महिनाअखेरपर्यंत सही करून द्या. डिसेंबरमध्ये सगळ्यांना खेळायला खुला करू."

हो म्हणालो. फार पटकन म्हणालो.

५ नोव्हेंबर, बुधवार

फॉर्म आला. कॉलेजात प्रिंट काढला. परतताना बसमध्ये मांडीवर होता. रकाना चार: 'मी या गेमचा एकमेव लेखक आहे. नसल्यास इतर लेखकांची नावे व संमती.' खाली 'वरील माहिती खरी आहे'.

शेवटच्या वर्षाला नेमका आजच कॉपीराइटचा तास. प्रोग्रॅमसुद्धा कायद्यानं साहित्यच, हक्क लेखकाच्या हयातभर आणि पुढे साठ वर्षं, कंपनी बुडाली म्हणून गेम रस्त्यावर पडत नाही वगैरे. मी हे चांगलं शिकवतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तुमच्या 'घाट'चे हक्क कोणाकडे?"

"माझ्याकडेच."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मराठवाड्यातला पहिला मराठी गेम आपल्या सरांचा, असं कॉलेजच्या वेबसाइटवर फोटोसकट आहे. फोटोत मी शाल घेऊन उभा आहे.

फॉर्म बॅगेतच राहिला.

८ नोव्हेंबर, शनिवार

केतकीचा फोन. तिनं 'घाट' संपवला.

सव्वीस वर्षांत नववं वळण कोणी ओलांडलं नव्हतं. खेळ साधाच. चाळीसगावहून निघालेली एसटी घाट चढवून कन्नडच्या स्टँडवर आणायची. पण नवव्या वळणावर समोरून ट्रक येतोच आणि धडकतोच. तेव्हा पेपरात छापलं होतं, 'शेवटपर्यंत अद्याप कोणीही पोहोचलेलं नाही'. ते कात्रण मी अभिमानानं दाखवत आलो.

एम्युलेटरमध्ये खेळ कुठेही थांबवून ठेवता येतो, आतले आकडे उघडून बदलता येतात. तिनं ट्रकची धडक बंद केली आणि बस सरळ त्याच्यातून काढली. "लबाडीच आहे सर, पण शेवट बघायचाच होता." शेवटी बस स्टँडवर लागते आणि पाटी येते, मराठी अक्षरं चौकोन चौकोन जोडून काढलेली:

चालक – चंद्रभान
वाहक – शिरीष

"सर, चंद्रभान कोण?"

"होता एक मित्र. थोडी मदत केली होती त्यानं."

फोन ठेवला. ही पाटी मी आज पहिल्यांदा ऐकली. स्वतःचा म्हणवलेला गेम मी कधी शेवटपर्यंत खेळलेलोच नाही.

आणि 'थोडी मदत' हे वाक्य मी आधीही एकदा बोललोय.

९ नोव्हेंबर, रविवार

लिहूनच टाकतो. इथं कोणाला दाखवायचं आहे?

डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. चंद्रभान कन्नडचा, मी इथला. त्याचे वडील घाटात जीप चालवायचे, माझे कलेक्टर कचेरीत. दोघांचा मिळून एक प्रोजेक्ट. त्याच्या खोलीवर ग्राफपेपर पसरून आम्ही अख्खा घाट काढला, एकेक चौकोन स्केचपेननं रंगवत. म्हणजे तो रंगवायचा. वळणं त्याला पाठ होती. रस्ता, बस, ट्रक, चढावर गाडीचा वेग कसा पडतो, सगळं त्याचं. कीबोर्ड, हॉर्नचा आवाज आणि पहिला पडदा माझा. शेवटची दोन वळणं त्यानं एकट्यानं केली. म्हणाला, "शेवट सांगत नाय. तूच खेळून बघ."

मग तो बहिणीच्या लग्नासाठी गावी गेला आणि इकडे जिल्ह्याचं प्रदर्शन आलं. नियम असा की एका विद्यार्थ्याचा एकच प्रयोग. पहिल्या पडद्यावर दोन नावं होती. मी त्याचं पुसलं. एका दिवसापुरतं, असं स्वतःला सांगितलं. पहिला नंबर आला. पेपर, फोटो. नाव परत घालायला जमलंच नाही.

परीक्षेच्या वेळी सरांनी मला बोलावलं. तो बाजूलाच उभा होता. "हा म्हणतो प्रोजेक्ट दोघांचा आहे. खरं का?"

मी म्हणालो, "थोडी मदत केली त्यानं."

तो सरळ निघून गेला. मला वाटलं होतं भांडेल. प्रोजेक्ट नाही म्हणून त्याचं वर्ष गेलं, पुन्हा तो आलाच नाही. मला याच कॉलेजात नोकरी लागली, मुलाखतीत अर्धा वेळ 'घाट'बद्दलच विचारत होते.

कन्नडला त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. कुठे आहे तेही ठाऊक आहे. तीन वेळा बसमधून पाहिलंय. उतरलो नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अनघाला सांगितलं. ती मेथी निवडत होती. निवडायची थांबली नाही.

"म्हणजे लग्नाआधी मला कात्रण दाखवलंस तेव्हाही?"

"हो."

"आणि त्याच्या वर्षाचं काय झालं?"

सांगितलं. मला वाटलं होतं, एवढी जुनी गोष्ट, म्हणेल सोडून दे. म्हणाली, "तू सव्वीस वर्षं शांत झोपलास, याचं मला नवल वाटतंय." मी म्हणालो, अगदी शांत नाही. त्यावर उठून आत गेली.

आपल्याला वाईट वाटतं एवढं सांगितलं की समोरच्यानं निम्मं माफ करावं, अशी माझी अपेक्षा असते. वाईट सवय आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

केतकीला फोनवर आडून आडून विचारलं. "समजा, दोन लेखक आहेत आणि एकाला बरीच वर्षं नाव दिलेलं नाही, तर?"

ती वकिली आवाजात म्हणाली, "दोघांची संमती लागते. शिवाय लेखकाचे दोन हक्क कधीच सुटत नाहीत, हक्क विकले तरी. एक, आपलं नाव लावून घेण्याचा. दुसरा, कामाची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा." मग विचारलं, "सर, समजा की खरंच?"

"समजा."

मोडतोड काही केलेली नाही, एवढं तरी बरं. नावाचाच काय तो प्रश्न. रविवारी कन्नडला जातो.

१६ नोव्हेंबर, रविवार

जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

सकाळची बस. बॅगेत लॅपटॉप, फॉर्म आणि पेढ्यांचा बॉक्स. पेढे कशाचे, हे वेरूळ मागे गेल्यावर लक्षात आलं. तसेच परत आणले.

दुकानात वॉर्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळं, उघडलेल्या पंपाच्या मोटारी. तो तार गुंडाळत होता, ओठांत वेढे मोजत. मला पाहिलं, ओळखलं, पण मोजणी सोडली नाही. तेवढा वेळ मी पायरीवर उभा. मग म्हणाला, "या सर."

तेव्हा शिऱ्या म्हणायचा.

वहिनी चहा घेऊन आल्या. "तुम्हीच का ते पेपरातले? ह्यांच्या वहीत हाय तुमचा फोटू." साधेपणानं विचारलं त्यांनी. चहा तोंडाला लावता येईना.

मी बोलायला सुरुवात केली, पाठ करून नेलेलं सगळं. त्यानं हातानंच थांबवलं. "चालू हाय का ती गाडी अजून?"

लॅपटॉप मोटारींच्या टेबलावर ठेवला. पहिला पडदा आला, त्यावर माझं एकट्याचं नाव. तो न बघितल्यासारखं करून पुढे गेला. बोटं कुठे ठेवायची ते सांगावं लागलं नाही. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. चढावर गाडी दबली की तो खुर्चीत पुढे झुकायचा. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. "आता मामंजी हॉर्न मारायचे बघा," असं काहीतरी म्हणाल्या.

नववं वळण आलं. तो थांबला.

"दगड कुठंय?"

मला कळेना.

"हितं, डाव्या हाताला. शेंदराचा दगड व्हता. तो दिसला की दोनदा हॉर्न मारायचा. मारला की वरचा ट्रक थांबतो. आमचा बा तसंच करायचा, सगळेच ड्रायव्हर करायचे."

आणि मला आठवलं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी डोंगराच्या चित्रात नारिंगी ठिपके दिसले होते. रंग चुकून सांडलाय असं वाटलं, म्हणून मी करड्या रंगानं भरून टाकले. म्हणजे सव्वीस वर्षं लोक त्या वळणावर धडकतायत ते माझ्यामुळे. अवघड गेम म्हणून माझंच कौतुक.

ट्रक आला. त्याचं बोट हॉर्नच्या बटणावर होतं. दाबलं नाही. बस धडकली.

"दगडच नाय तर कशाला वाजवू?"

मी फॉर्म काढला. नाव तुझंच पहिलं लावतो म्हणालो, कॉलेजलाही लेखी कळवतो म्हणालो, माफी मागितली. तो तार चाचपत होता.

"नाव काढलं ते समजलं व्हतं मला. तुला नोकरी पायजे व्हती. पण दगड काहून काढला?"

"मला घाण वाटली." अगदी हेच शब्द तोंडातून गेले.

"घाण." त्यानं एकदाच म्हटलं. मग हातातली तार रिळाला गुंडाळली. "बानं सोत्ता शेंदूर लावलेला दगड व्हता तो. रस्ता रुंद केला तव्हा गेला. बा पण गेला. मला वाटायचं, कुठंतरी ती गाडी चालू आसंल, तर तिथं तरी आसंल."

वहिनी आत गेल्या.

निघताना विचारलं, सही? "ठेवा हितं. बघतो." पुन्हा 'तुम्ही'वर आला. फॉर्मवर त्यानं तांब्याचं रीळ ठेवलं, उडू नये म्हणून.

बसमध्ये खिडकी मिळाली. रडलो, हे लिहायला हरकत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

केतकीला सगळं सांगितलं, 'समजा' न लावता. दगड नसलेली प्रत यादीतून काढ म्हणालो. तिनं लगेच काढली. "सर, राग आला तर चालेल ना?" म्हटलं, चालेल.

मग तिच्यातला संग्राहक जागा झाला. "दगड परत घालता येईल की. चारदोन ठिपके."

"मी घालायचे?"

एकदा न विचारता काढला, आता न विचारता घालू? आणि आठवणीतनं घातलेला दगड त्याचा की माझा? तिलाही हेच विचारलं. म्हणाली, मूळ फ्लॉपी शोधा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

प्राचार्यांना पत्र दिलं. वाचून म्हणाले, "आता कशाला उकरता? कोणी तक्रार केली आहे का?" नाही म्हणालो. "मग?" पत्र ड्रॉवरमध्ये गेलं. वेबसाइटवर मी अजून शालीत आहे. सोमवारी पुन्हा विचारणार.

दुपारी माळ्यावरून फ्लॉप्यांचा डबा काढला. सापडली. लेबलवर चंद्रभानचं अक्षर: 'घाट – मूळ. पुसू नये.'

आत एकच फाइल. माझा बायोडेटा.

नोकरीचा अर्ज न्यायला फ्लॉपी हवी होती. नवी फ्लॉपी कुठेही मिळाली असती. ही हाताशी होती.

पुसलेली फाइलसुद्धा कधी कधी खाली शिल्लक राहते. तीन तास एकेक तुकडा वाचला. डोंगराच्या चित्राची आठ वळणं निघाली, रंगासकट, जशीच्या तशी. नवव्याच्या जागेवर बायोडेटा बसलाय. त्यातली ओळ वाचता येते. मी एकट्यानं गेम तयार केला, असं इंग्रजीत.

अनघा मागे उभी होती. खांद्यावर हात ठेवला. अकरा तारखेनंतर पहिल्यांदाच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कन्नडहून काही नाही. दुकानाच्या पाटीवरचा नंबर त्या दिवशी टिपून घेतला होता. मेसेज केला: फ्लॉपी मीच पुसली होती, नववं वळण मिळालं नाही. हे लपवलं असतं तर त्याला कधीच कळलं नसतं. म्हणून आधी हेच लिहिलं.

उत्तर नाही. का द्यावं?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज खेळलो. लबाडी न करता, कुठे न थांबवता. नवव्यावर चार वेळा धडकलो. ठिपके नाहीत, त्यामुळे हॉर्न नेमका कधी मारायचा कळत नाही. पाचव्यांदा डोळे मिटून, त्याचं बोट हॉर्नच्या बटणावर थांबलं होतं तो क्षण आठवून दोनदा दाबलं.

ट्रक थांबला. वर वळणाच्या कडेला बाजूला होऊन उभा राहिला. थांबलेला ट्रकही त्यानं वेगळा काढून ठेवलाय, दिवे लागलेला. कोणी बघितलाच नव्हता.

मग स्टँड, मग पाटी. चालक – चंद्रभान, वाहक – शिरीष. मी प्रदर्शनात त्याचं नाव पुसलं, त्याच्या कितीतरी आधी त्यानं माझं लिहून ठेवलं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आजची मुदत. केतकीला कळवलं, फॉर्म आलेला नाही. ती म्हणाली, आपण थांबू. "लेखक हयात आहे सर, हे काय कमी आहे?"

अकराच्या सुमाराला मोबाइल वाजला. चंद्रभानकडून एक फोटो. खाली शब्द नाही.

ग्राफपेपर. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, कडेला तेलाचा डाग. नववं वळण. चौकोन चौकोन रस्ता, करडा डोंगर, आणि डाव्या हाताला नारिंगी स्केचपेन. म्हणजे तो कागद यानं सव्वीस वर्षं ठेवला होता, माझ्या कात्रणाच्याच वहीत बहुतेक.

विचारलं, 'ही परवानगी समजू का?'

दोन निळ्या खुणा आल्या. वाचलं त्यानं. दुपार गेली. पुढे काही नाही.

डोंगराचं चित्र उघडून ठेवलंय. फोटो शेजारी. नारिंगी चौकोन मोजले, अकरा आहेत. भरायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. अनघा जेवायला बोलावून गेली, दुसऱ्यांदा बोलावून गेली. भरले नाहीत.